रॅम आली, झोप गेली!

रविवारी रात्री साडेअकराला माझ्या पीसीने तिसऱ्यांदा मान टाकली. सोमवारी सकाळी दहाला प्रेझेंटेशन आणि समोर स्क्रीनवर दोनच शब्द : मेमरी मॅनेजमेंट. (ती सुप्रसिद्ध निळी स्क्रीन विंडोज ११ मध्ये २०२५ पासून काळी झालीय. रंग बदलला, पोटात येणारा गोळा तोच!)

तसा उद्योग माझाच. ब्राउझरचे पंचवीस टॅब, एक्सेल आणि व्हिडिओ कॉल एकदम सुरू केले की बिचाऱ्या ८ जीबीला धाप लागायची. म्हणून शनिवारी लॅमिंग्टन रोड गाठला, ८ जीबीची आणखी एक डीडीआर-४ स्टिक उचलली आणि घरी येऊन खटकन बसवली. टास्क मॅनेजरमध्ये १६ जीबी! आपली कॉलर टाइट.

रविवारी दुपारी आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो कॅमेऱ्याच्या कार्डवरून पीसीवर घेतले. उघडून बघते तर काय, काही फोटो अर्धेच, खाली नुसता करडा पट्टा. आजीचा चेहराच गायब! नशीब, कार्ड फॉरमॅट करायचा कंटाळा केला होता. तेव्हा कळलं, खराब रॅम नुसता पीसी बंद पाडत नाही, ती गुपचूप फाइल्सही नासवते. मग मात्र मी पदर खोचला.

आधी पीसी बंद, प्लग बाहेर. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. दोन्ही स्टिक काढून, क्लिप लागेपर्यंत पुन्हा दाबून बसवल्या. चार स्लॉट असतील तर दोन स्टिकसाठी बहुधा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरतात, मॅनुअल बघाच. तरी क्रॅश.

मग बायोस. स्पीड वाढवणारं एक्सएमपी मीच हौसेने ऑन केलं होतं. जुनी स्टिक २६६६ ची, नवी ३२०० ची, व्होल्टेजही वेगळं. अशी विजोड जोडी ओव्हरस्पीडला पळवली तर धडपडणारच. एक्सएमपी ऑफ केलं. क्रॅश कमी झाले, थांबले नाहीत.

विंडोजची स्वतःची मेमरी टेस्ट म्हणाली, 'सब ठीक'. माझा विश्वास बसेना. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकलं, पीसी त्यावरून सुरू केला आणि झोपले. ही टेस्ट विंडोजच्या बाहेर चालते, पूर्ण व्हायला काही तास घेते. सकाळी स्क्रीनवर लाल ओळींची रांगोळी! एकसुद्धा एरर आली तरी ती नापासच, बरं का.

घाईत नवी स्टिक काढली. शुक्रवारी स्वतःलाच मेल केलेली फाइल उघडली आणि प्रेझेंटेशन जुन्या ८ जीबीनेच पार पाडलं. म्हातारीची इज्जत वाढली.

संध्याकाळी खरा निकाल. एका वेळी एकच स्टिक, स्लॉट तोच. जुनी पास, नवी नापास. नवी दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली, तिथेही नापास. म्हणजे मदरबोर्ड निर्दोष. हा शेवटचा प्रयोग टाळू नका, नाहीतर बिघाड स्लॉटचा असायचा आणि शिक्षा स्टिकला! लाल ओळींचा फोटो आणि बिल दाखवलं, दुकानदाराने हुज्जत न घालता स्टिक बदलून दिली.

नवी स्टिक बसवल्यावर आधी रात्रभर मेमटेस्ट चालवली. शून्य एरर. मगच आजीचे फोटो पुन्हा कॉपी केले, एकूण एक उघडून बघितले.

तेव्हा मंडळी, रॅम घ्यायचीच तर शक्यतो एकाच पाकिटातली जोडी घ्या, आधी बॅकअप, मग टेस्ट, मग मिरवणं. आणि कार्ड फॉरमॅट करायचा आळस? तो मात्र जरूर करा!