रस्त्याकडेच्या मातीतील मौल्यवान धातू : कुटुंबांसाठी माहिती

वर्दळीच्या रस्त्यांच्या कडेला साचणाऱ्या मातीत प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम हे मौल्यवान धातू अत्यल्प प्रमाणात आढळतात. ते वाहनांतून येतात. वाहनाच्या धूरनळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा भाग असतो. त्यातील मधाच्या पोळ्यासारख्या सच्छिद्र ठोकळ्यावर या धातूंचा पातळ लेप दिलेला असतो आणि त्याच्या संपर्काने विषारी कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू कमी घातक होतात. उष्णतेने व हादऱ्यांनी हा लेप झिजतो. त्याचे सूक्ष्म कण धुराबरोबर बाहेर पडून रस्त्यालगत स्थिरावतात. रस्त्यापासून काही मीटर दूर गेल्यावर त्यांचे प्रमाण झपाट्याने घटते.

भारतात दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई येथील नव्या पेट्रोल मोटारींना हा भाग १९९५ पासून सक्तीचा झाला. शिशामुळे लेप निकामी होत असल्याने शिसेविरहित पेट्रोलही त्याच वेळी आले आणि २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. मात्र शिसे कुजत नाही, विरत नाही. जुन्या रस्त्यांलगतच्या मातीत ते आजही असू शकते.

या धातूंपैकी भीती कोणाची बाळगावी, हा प्रश्न रास्त आहे. धातुरूपातील प्लॅटिनम शरीरात फारसे विरघळत नाही. त्याच्या क्लोरीनयुक्त क्षारांमुळे दमा व त्वचेची ॲलर्जी होते, परंतु हे प्रामुख्याने धातुशुद्धीकरणाच्या कारखान्यांतील कामगारांत आढळून आले आहे. पॅलॅडियम मातीतून वनस्पतींत तुलनेने सहज उतरते, म्हणून रस्त्यालगत पिकविलेल्या भाजीबाबत सावध असावे. शिशाचे मात्र तसे नाही. बालकांच्या वाढत्या मेंदूसाठी त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानलेले नाही. रस्त्याकडेच्या मातीची खरी चिंता शिशाचीच आहे, आणि सुदैवाने दोन्हींसाठी खबरदारी एकच आहे.

रांगती व लहान मुले जमिनीवर हात टेकून तेच हात तोंडात घालतात. धातू पोटात जाण्याचा हाच मुख्य मार्ग होय. जेवणापूर्वी व खेळून आल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत. चपला-बूट उंबऱ्याबाहेर काढण्याची आपल्याकडील जुनी पद्धत येथे फार उपयोगी पडते. घर रस्त्यालगत असल्यास कोरड्या झाडूने धूळ उडविण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. पालेभाजी वाहत्या पाण्यात दोन-तीन वेळा धुवावी आणि परसबाग रस्त्यालगत असल्यास पालेभाज्या दूरवरून आणलेल्या मातीत, कुंड्यांत लावाव्यात. लोह व कॅल्शियम पुरेसे मिळाल्यास शरीर शिसे कमी शोषते. त्यासाठी नाचणी, दूध, डाळी मुलांच्या आहारात असाव्यात.

धातू झिजतात म्हणून कन्व्हर्टर काढून टाकणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास विषारी वायू थेट श्वासात येतील. जुना कन्व्हर्टर घरी किंवा रस्त्यावर फोडू नये, कारण त्यातून बारीक धूळ उडते.

बालकास माती खाण्याची सवय असल्यास ते गंमत म्हणून सोडून देऊ नये. अशा बालकांत बहुधा लोहाची कमतरता असते. जवळच्या आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि रस्त्यालगत राहत असल्याचे डॉक्टरांना सांगून रक्तातील शिशाच्या तपासणीविषयी विचारावे.