यकृताची दोन चित्रे

यकृताचा कर्करोग म्हटला की मद्यपानाने वा जुन्या काविळीने जर्जर झालेला प्रौढ गृहस्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु 'हेपॅटोब्लास्टोमा' नावाचे एक विरळ अर्बुद बहुतांशी तीन वर्षांखालील बालकांनाच ग्रासते. दहा लाख मुलांमागे वर्षाला असे एखाददुसरेच मूल आढळते. पण ज्या घरात आढळते, त्या घरास ह्या आकड्याचे समाधान ते काय! न्हाऊ घालताना आईच्या हातास पोटातील कठीण गोळा लागतो, आणि 'आजच कापून काढा' असा आग्रह वडीलधारी मंडळी धरतात. तो आग्रह पुष्कळदा घाईचा ठरतो.

प्रथम बालकाचे एम.आर.आय., म्हणजे चुंबकीय अनुनाद चित्रण, करतात. प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रात शरीरातील हायड्रोजनची अणुकेंद्रे रेडिओलहरींना जो प्रतिसाद देतात, त्यावरून हे चित्र सिद्ध होते. क्ष-किरणांचा संबंध येत नाही. लहानग्याने निश्चल राहावे म्हणून बहुधा भूल द्यावी लागते. शिरेतून दिलेले एक विशिष्ट द्रव्य निरोगी यकृतपेशी शोषून घेतात. सुमारे २० मिनिटांनी यकृत उजळ व अर्बुद बहुधा काळसर दिसू लागते.

यकृताचे चार भाग कल्पून लगतचे किती मोकळे आहेत हे पाहण्याची 'प्रीटेक्स्ट' पद्धती युरोपातील 'सायोपेल' अभ्यासगटाने १९९० च्या सुमारास घालून दिली. लगतचे तीन भाग मोकळे असल्यास श्रेणी पहिली. चारही व्यापले असल्यास चौथी.

त्यानंतर बहुधा सिस्प्लॅटिन ह्या औषधाच्या काही मात्रा देऊन दुसरे चित्र घेतात. गोळा लहान झाला तरी नाहीसा झालेला नसतो, आणि ते पाहून मातापिता खचतात. शल्यविशारद मात्र निराळेच शोधीत असतो: यकृतात रक्त आणणारी व तेथून नेणारी शीर अर्बुदाच्या विळख्यातून सुटली काय? एक भाग जरी आपल्या रक्तवाहिन्यांसह शाबूत राहिला, तरी उरलेले तीन काढता येतात. यकृत पुन्हा वाढते. शिरा सुटल्या नाहीत, तर यकृतारोपणाचा मार्ग राहतो आणि आई किंवा वडील आपल्या यकृताचा तुकडा देऊ शकतात. असा संभव दिसताच आरोपण करणाऱ्या रुग्णालयाचा सल्ला आरंभीच घ्यावा.

हा निर्णय दोन्ही चित्रे शेजारी ठेवूनच होतो. आम्ही व्यापारी जुन्या खातेवह्या जपतो. तशीच पहिल्या चित्रणाची तबकडी जपावी. नुसत्या अहवालाच्या कागदावर शिरेचे अंतर मोजता येत नाही.