कानातला बिल्ला, कानाची खाच

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत पन्नाशी ओलांडलेल्या कुणाही माणसासमोर कुत्रा चावल्याचा विषय काढा, त्याचा हात आपसूक पोटावर जातो. चौदा इंजेक्शनं. बेंबीभोवती, रोज एक. आमच्या गल्लीत ज्याला ती घ्यावी लागली त्याला पुढची दोन वर्षं पोरं 'चौदा नंबर' म्हणून हाक मारायची. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस 2005 च्या सुमारास देशातून हद्दपार झाली. आता दंडाला चार-पाच वेळा सुई, जखम खोल असेल तर जोडीला इम्युनोग्लोब्युलिन, आणि माणूस चालत घरी. चावल्यानंतरचं काम असं सुधारलं. चावण्याआधीचं काम कुठवर आलं, हे बघायचं म्हटलं तर कुत्र्यापेक्षा जमाखर्चाचा माग काढावा लागतो.

लहानपणी आम्ही जे पाहिलं ते सोपं होतं. पहाटे गाडी यायची, कुचला घातलेलं मटण कोपऱ्याकोपऱ्यावर पडायचं आणि शाळेला निघेपर्यंत गल्ली मोकळी झालेली असायची. त्या काळी बहुतेक नगरपालिकांची हीच रीत. त्यात क्रौर्य होतंच, पण हिशेब अगदी चोख होता, मेलेल्या कुत्र्यावर. मुंबईत कंपनी सरकारनं असंच कुत्र्यामागं बक्षीस लावलं होतं आणि त्यावरून 1832 च्या जूनमध्ये पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली. दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकारानं मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. जनावर मारायला सरकारचा पैसा आणि जगवायला व्यापाऱ्यांची देणगी, अशी वाटणी तेव्हा झाली ती बराच काळ टिकली. पांजरपोळ आमच्या कोल्हापुरातही आहे, ती गाईगुरांची. कुत्र्याच्या नावानं कुणी फार देणगी दिल्याचं ऐकिवात नाही.

संस्थानकाळात तरी जनावराला स्वतःचं खातं होतं. पागा, उष्टरखाना, शिकारखाना, प्रत्येकाला माणसं नेमलेली, वैरणीची तजवीज ठरलेली. कोल्हापूर दरबारात तर आफ्रिकेतून आणलेले चित्ते शिकारीसाठी पाळले जात आणि त्यांना सांभाळणाऱ्या माणसांचा गावात रुबाब असे. अर्थात हा सगळा थाट दरबाराच्या उपयोगाच्या जनावरांचा. रस्त्यावरच्या जनावराचा कारभार कोंडवाड्यापुरता. 1871 च्या कायद्यानं आलेली ही सोय मात्र हुशारीची होती. जनावर मोकाट सुटलं की कोंडायचं, मालक आला की दंड आणि खुराकीचे पैसे घ्यायचे. खर्च आपोआप वसूल. पेठेत जोवर दर चार घरांमागं एक गोठा होता तोवर कोंडवाड्याला गिऱ्हाईक होतं. पुढं दूध पिशवीतून यायला लागलं, गोठ्यांच्या जागी अपार्टमेंट झाली आणि रस्त्यावर उरला तो कुत्रा. त्याला मालक नाही, म्हणजे दंड नाही, म्हणजे वसुली नाही. माझ्या मते सगळ्या घोळाची सुरुवात इथं आहे.

24 डिसेंबर 2001 ला केंद्रानं नियम काढले. भटक्या कुत्र्याला मारायचं नाही. पकडायचं, निर्बीजीकरण करायचं, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानाला खाच द्यायची आणि जिथून उचललं तिथंच आणून सोडायचं. कायदा बदलला तशी गाडीही बदलली. पूर्वीच्या गाडीला चिमटा आणि कुचला पुरायचा. आताच्या कामाला जाळी टाकणारी शिकलेली माणसं हवीत, गुरांचा डॉक्टर, भूल, टाके, शस्त्रक्रियेनंतर निदान चार दिवस ठेवायला पिंजरे, खाणं, साफसफाई आणि परत सोडायला पुन्हा गाडी. हे सगळं उभं करायचं कुणी, तर स्थानिक स्वराज्य संस्थेनं आणि प्राणीप्रेमी संस्थेनं मिळून. आणि पैसा? पुन्हा डोईमागं. मेलेल्या कुत्र्यामागं मिळायचा तो आता नसबंदी झालेल्या कुत्र्यामागं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या सुधारित योजनेत हा आकडा कुत्र्यामागं 800 रुपये आहे, मांजरामागं 600. त्यात जाळी टाकणाऱ्याचा पगार बसवा, डिझेल बसवा आणि चार दिवसांचा भात-अंडी बसवा. उरलेलं ज्याच्या त्याच्या तिजोरीतून.

डोईमागं पैसा दिला की काय होतं हे ठेकेदारी पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. जी कुत्री सहज हाताला लागतात ती आधी उचलली जातात. भाकरी टाकणाऱ्या बाईच्या मागं शेपटी हलवत येणारी, हॉटेलच्या दारातली, माणसाळलेली. रंकाळ्याच्या काठाला झाडीत दोन पिल्लांसकट बसलेली कुत्री जाळीला दाद देत नाही, तिच्यामागं सकाळ घालवायला परवडत नाही. नेमकी तीच वर्षाला दोनदा विते, एका वेताला चार-सहा पिल्लं. मग ठेक्याची मुदत संपते, नव्या टेंडरला कुणी येत नाही, आलाच तर दर पटत नाही आणि काम सहा-आठ महिने बंद. तेवढ्या अवधीत आधीचं सगळं पुसलं जातं. ज्या भागात काम करायचं तिथल्या निदान 70 टक्के कुत्र्यांना एका झपाट्यात गाठलं नाही तर ना पैदास थांबते ना रेबीज, हे शास्त्र सांगतं. टेंडरच्या कागदावर मात्र भाग नसतो, नगांचा आकडा असतो.

आणि हद्द. कोल्हापूरकराला हद्दवाढीबद्दल वेगळं सांगायला नको, त्यावर इथं मोर्चे निघालेत, गावं बंद राहिलीत. महापालिका झाली 1972 च्या डिसेंबरात आणि पुढची पन्नास वर्षं हद्दीची रेघ जागची हलली नाही. रेघेच्या अलीकडं महापालिका, पलीकडं कळंबा, पाचगाव, उचगाव, बालिंगे यांच्या ग्रामपंचायती. घरं सलग, रस्ते सलग, कचरा सलग, चिकनची दुकानं सलग. पेठेतून रंकाळ्याला वळसा घालून फुलेवाडीवरून निघालेलं कुत्रं तासाभरात ग्रामपंचायतीच्या हद्दीत पोचतं. 2023 च्या नव्या नियमांनी ग्रामपंचायतींवरही हीच जबाबदारी टाकली आहे, पण दिवाबत्ती आणि पाणीपट्टीत मेटाकुटीला आलेली ग्रामपंचायत ऑपरेशन थिएटर कुठून बांधणार? जिल्ह्याच्या पातळीवर प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवायची जागा खरं तर तीच. पण तिच्या हातात खर्चाचं स्वतःचं पाकीट नाही.

यावर कुणी म्हणेल, सरकारला जनावरांचं जमतच नाही. तसं मुळीच नाही, आणि त्याचा पुरावा आमच्याच जिल्ह्यात आहे. 1963 साली गोकुळ दूध संघ झाला. दूध गावाची हद्द मानत नाही, म्हणून संघानंही मानली नाही. रेतन, औषधोपचार, गावोगाव फिरणारे डॉक्टर, सगळं लिटरमागच्या पैशातून उभं राहिलं. 2019 मध्ये केंद्रानं लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिससाठी 13,343 कोटींचा कार्यक्रम काढला, पूर्ण पैसा दिल्लीचा. म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला आला, बारा आकडी नंबरचा. त्याच वर्षी ऑगस्टात महापूर आला तेव्हा नदीकाठचे लोक जनावरं सोडून घराबाहेर निघेनात, म्हणून जनावरांच्या मुक्कामाचीही सोय करावी लागली. बुडालेल्या दुभत्या जनावराला 30,000 रुपये हा दर सरकारी निकषात ठरलेला होता. 2022 मध्ये लंपी आला. काही महिन्यांत राज्यभर गाईबैलांना शेळ्यांच्या देवीची लस मोफत टोचून झाली. मेलेल्या गाईला 30,000, बैलाला 25,000, वासराला 16,000. दर ठरले, पंचनामे झाले, पैसे खात्यावर आले. ज्या जनावराचा बाजारभाव आहे त्याच्यासाठी यंत्रणा हलते. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. गवळ्याच्या पोटाचा प्रश्न होता, यंत्रणा हलायलाच हवी होती.

मग बिनभावाच्या कुत्र्यासाठी ती कधी हललीच नाही का? हलली, गोव्यात. आंबोली उतरून पलीकडं गेलं की. 2014 पासून गोवा सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून अख्खं राज्यच एक भाग धरला. वाड्यावाड्यातून जाळीवाली पथकं, हातात मोबाईल, प्रत्येक टोचलेलं कुत्रं नकाशावर ठिपका. वर्षाला लाखाच्या आसपास कुत्री. शाळांतून मुलांना शिकवणं आणि संशयित कुत्र्याची खबर द्यायला फोन. सगळा भर आधी लसीवर, कारण लस टोचायला चार दिवसांचा पिंजरा लागत नाही. कुत्र्यांमधला रेबीज 92 टक्क्यांनी उतरला आणि 2021 मध्ये गोव्यानं स्वतःला रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं. गोवा लहान आहे हे खरं. पण तिथं पैसा पथकाला दिला, वर्षभरासाठी, अख्ख्या मुलखासाठी. हिशेबाची ही पद्धत गोव्याच्या मातीत उगवते आणि घाटावर येत नाही असं काही नाही.

आपल्याकडं आणखी एक गाठ आहे. माणसाला टोचायची लस आरोग्य खात्याची, कुत्र्याला टोचायची महापालिकेची. कुत्री नीट टोचली गेली आणि दवाखान्यातली रांग आटली, तर वाचलेला पैसा आरोग्य खात्यात राहतो. ज्यानं घाम गाळला त्याच्या खात्यात काही परत येत नाही. घरात थोरल्यानं काटकसर करावी आणि धाकट्याच्या पासबुकात रक्कम दिसावी, तसला प्रकार. 2024 च्या मार्चमध्ये लसीचे डोस घेऊनही कोल्हापुरातल्या एका तरुण मुलीचा रेबीजनं मृत्यू झाला आणि शहर हादरलं. तेव्हा महापालिकेत नगरसेवक नव्हते. सभागृहाची मुदत 2020 च्या नोव्हेंबरात संपलेली, कारभार प्रशासकाकडं. आधी कुत्र्याची तक्रार घेऊन तालमीच्या कट्ट्यावर नगरसेवकाला गाठता यायचं, चार शिव्या घालता यायच्या. ती सोयही त्या पाच वर्षांत नव्हती.

2025 मात्र जनावरांचं वर्ष ठरलं. जुलैअखेर नांदणी मठाची माधुरी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं जामनगरच्या वनतारा या प्राणी केंद्रात गेली आणि जिल्हा पेटून उठला. ऑगस्टात नांदणीहून कोल्हापूरपर्यंत हजारो लोक चालत आले, वनताराच्या मालकांचा निषेध म्हणून लोकांनी त्यांच्या कंपनीची मोबाईल सिमकार्डं बदलली. पंधरवड्याच्या आत मठ, सरकार आणि वनतारा एका बैठकीत आले, नांदणीतच पुनर्वसन केंद्राची भाषा सुरू झाली. एकत्र बसायला वेळ लागत नाही, हे त्या पंधरवड्यात दिसलं. त्याच ऑगस्टमध्ये दिल्लीच्या कुत्र्यांवर सर्वोच्च न्यायालयाचे एकामागून एक आदेश झाले आणि 7 नोव्हेंबरला देशभरासाठी हुकूम आला. शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं, क्रीडासंकुलं यांच्या आवारातली कुत्री उचला आणि तिथं परत सोडू नका. ठेवायची कुठं? त्यांना जन्मभर खायला कोण घालणार, कुठल्या हेडखाली? चार दिवसांचा पिंजरा ज्यांना पुरेना त्यांच्यापुढं आता बारा वर्षांचा पिंजरा आला.

दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या मागच्या गल्लीत अजून एक गोठा टिकून आहे, पाच म्हशींचा. लाळ्या-खुरकूतची लस टोचायला डॉक्टर आले होते. पाडव्याला शिंगं रंगवलेली, तो हिरवा रंग अजून उतरला नव्हता. डॉक्टरांनी बिल्ल्यावरची माती अंगठ्यानं पुसली, नंबर मोबाईलमध्ये टाकला. मागची लस कधी, वेत कितवं, मालक कोण, सगळं पडद्यावर. गवळ्याचा नातू हे डोळे फाडून बघत होता. पेंडीच्या पोत्याला टेकून त्यांचा बंड्या बसलेला, तांबडा, डाव्या कानाला खाच असलेला. पोरानं त्याचा कान धरून वर केला.

"काका, ह्याचं पण बघा की."

"ह्याला नंबर नसतोय बाळा."

"मग ह्याला लस कवा टोचलीया?"

डॉक्टरांनी खाचेवरून बोट फिरवलं. "ऑपरेशन झालं त्या वेळी टोचली असणार." "म्हणजे कवा?" पोरानं आजोबाकडं बघितलं. आजोबांनी गोठ्याच्या दाराकडं. त्यांच्या आठवणीप्रमाणं सूनबाईच्या बाळंतपणाच्या आधी, म्हणजे चारेक वर्षं झाली असतील. डॉक्टरांच्या खोक्यात त्या दिवशी फक्त म्हशींची लस होती. त्यांनी पाचवी म्हैस टोचली, सही घेतली आणि गाडीला किक मारली. बंड्या कोपऱ्यापर्यंत भुंकत त्यांच्या मागं गेला.