सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे वाटणी झाली का?

बारामती-इंदापूरकडे वडील गेले की वारसनोंद होते, भावंडांची नावं सातबाऱ्यावर चढतात आणि गावात म्हणतात, ‘वाटण्या झाल्या.’ खरं तर झालेल्या नसतात. वारसनोंदीतून वाटेकरी कोण, एवढंच कळतं. थोरला ओढ्याकडचं आणि धाकटा रस्त्याकडचं रान कसत असला, तरी कागदोपत्री प्रत्येक गुंठा सामाईकच राहतो. जुन्या उताऱ्यांवर नावापुढे ‘आठ आणे’, ‘चार आणे’ दिसतं, तेही सोळा आण्यांतलं प्रमाणच. कोणता तुकडा कुणाचा, हे त्यावरून ठरत नाही.

ते ठरवायला सगळे सहधारक राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम ८५खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. हक्काचाच वाद असेल तर आधी दिवाणी न्यायालय. कितीही लहान वाटा पाडता येतो, हाही गैरसमजच; १९४७चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो.

सगळ्यात जास्त भांडणं मात्र ‘समान वाटणी म्हणजे समान एकर’ या समजुतीतून होतात. नीरा डाव्या कालव्याखालचा उसाचा एकर आणि सुप्याकडचा जिरायत एकर सारखे कसे धरायचे? म्हणून जाणती माणसं माती, पाणी, रस्ता बघून क्षेत्र कमी-जास्त करतात. विहिरीचे तर तुकडेच पडत नाहीत, पाळ्या पडतात. पाळी किती दिवसांची, मोटार कुणाची, वीजबिल कुणी भरायचं, पाइपलाइन कुणाच्या रानातून न्यायची आणि मागच्या वाटेकऱ्याची बैलगाडी कुठून जाणार, हे वाटणीपत्रात लिहायलाच हवं. तोंडी ठरलेली पाळी उन्हाळ्यात ऊस वाळू लागला की कुणी पाळत नाही, आणि सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात.

‘बहिणीचं लग्न करून दिलं, आता वाटा कसला?’ हे आजही सर्रास ऐकू येतं, आणि ते साफ चुकीचं आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत लेकीला, ती विवाहित असली तरी, मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असणं त्यासाठी गरजेचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२०च्या निकालात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या अबाधित आहेत. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर तो तिच्या मर्जीने, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने. तिला वगळून भावांनी वाटणी उरकली, तर ती दिवाणी दावा लावून आपला वाटा मागू शकते.