आधी बर्फ, मग फोटो

शिमगा उरकला की कोकणातला समुद्र काही आठवडे शांत असतो. पाणी निवळते, वारा सोसवतो आणि पश्चिम किनाऱ्यावरची 1 जूनपासूनची पावसाळी मासेमारीबंदी अजून लांब असते. मालवण असो की गोवा, याच दिवसांत शहरी पाहुण्यांना खोल समुद्रात गरवायला नेणाऱ्या बोटी पहाटेच बाहेर पडतात. दिवसभराचे भाडे ठरते, त्यात गरी, आमिष, तांडेल आणि एखादा खलाशी मिळतो. चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेले की सुरमई लागते, नशीब असेल तर कुपा, म्हणजे ट्युना. हाताला बसणारा तो हिसका एकदा अनुभवलेला माणूस पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

अशाच एका सहलीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. पुण्याहून आलेले सहा मित्र सकाळी साडेसातला सात-आठ किलोंचा कुपा बोटीत घेतात. तांडेल सांगतो, "साहेबांनू, आधी बर्फात घाला, फोटू मगे काढा." पण हौस मोठी असते. प्रत्येकाचा माशासोबत फोटो होतो, मग मासा ओल्या गोणपाटाखाली फळीवर पडून राहतो. बर्फाच्या पेटीत पाण्याच्या बाटल्या आणि शीतपेये असतात. बोट दुपारी एकला परतते. जेवण, आंघोळ यात आणखी दोन तास जातात, मग मासा साफ होऊन फ्रीजमध्ये जातो. रात्री नऊला त्याचे तिखले होते. वास ताजा, चव उत्तम. एकाला तोंडात जरा जास्तच झोंबते, पण मालवणी मसाला आहे म्हणून तो वरून सोलकढी पितो.

अर्ध्या तासात त्याचा चेहरा, मान आणि छाती लालबुंद होते. डोके ठणकते, छाती धडधडते, पोटात मुरडा येतो. पाठोपाठ दुसऱ्याला आणि तिसऱ्याला तसेच होते. तिघे ग्रामीण रुग्णालयात पोहोचतात तेव्हा सोबतचे एकच सांगत असतात, "डॉक्टर, यांना माशाची अॅलर्जी झाली."

ही अॅलर्जी नसते. माशातूनच पोटात गेलेल्या हिस्टामिनने झालेली ती विषबाधा असते.

मासा मेल्यावर काय घडते

हिस्टामिन हे नाव अॅलर्जीच्या गोळ्यांमुळे अनेकांच्या कानावरून गेलेले असते. शरीरातील काही पेशी ते साठवून ठेवतात आणि अॅलर्जीच्या वेळी एकदम सोडतात. त्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, कातडी लाल होते, खाज सुटते, रक्तदाब उतरू शकतो. हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी 1910 मध्ये या रसायनाच्या परिणामांचा अभ्यास मांडला. त्याला अडवणाऱ्या औषधांवरील कामासाठी डॅनिएल बोव्हे यांना 1957 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

माशातील विषबाधेत हेच रसायन बाहेरून, शिजवलेल्या तुकडीतून येते. कुपा, सुरमई, बांगडा, तारली अशा वेगाने पोहणाऱ्या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. ते निरुपद्रवी आहे. पण या माशांच्या कल्ल्यांत आणि आतड्यांत काही जंतू असतात. जिवंत माशात ते आपल्या जागी राहतात. मासा मेला आणि गरम राहिला की ते मांसात पसरतात, वाढतात आणि त्यांच्याजवळचे एक विकर हिस्टिडिनचे हिस्टामिन करू लागते. मॉर्गनेला मॉर्गनी हा त्यांतला एक ठळक जंतू.

हे सगळे तापमानावर चालते. एप्रिल-मेमध्ये कोकण-गोव्याच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या वरच्या थराचे पाणीच 29-30 अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि उन्हातली फळी त्याहून तापते. कुप्याच्या बाबतीत आणखी एक भर पडते. बहुतेक माशांचे शरीर पाण्याइतकेच गार-गरम असते, कुपा मात्र स्नायूंची उष्णता राखून ठेवतो. गळाशी झुंजून दमलेला कुपा बोटीत येतो तेव्हा त्याचे मांस सभोवतालच्या पाण्यापेक्षा गरम असू शकते. जंतूंना याहून सोयीचे काय हवे?

शिजवून का जात नाही

आपल्या स्वयंपाकघरातला मोठा विश्वास असा की नीट शिजवले, खरपूस तळले की सगळे मरते. जंतू मरतात हे खरे. पण हिस्टामिन सजीव नाही, ते रसायन आहे आणि उष्णतेला दाद देत नाही. उकळून, तळून, भाजून, धुरावून ते जात नाही. हळद-मीठ, लिंबू किंवा कोकमाचे आगळ लावल्यानेही तयार झालेले हिस्टामिन नाहीसे होत नाही. डीप फ्रीजरमध्ये जंतूंची वाढ थांबते, पण आधी तयार झालेले हिस्टामिन तसेच राहते. जंतूंनी तयार केलेले विकरही टिकून राहू शकते, आणि मासा ओट्यावर निवांत वितळत ठेवला की त्याचे काम पुन्हा सुरू होते.

नाकावरही भिस्त ठेवता येत नाही. सडलेल्या माशाचा वास वेगळ्या रसायनांमुळे येतो. मासा दिसायला चकचकीत आणि वासाला ताजा असूनही त्यात त्रास देण्याइतके हिस्टामिन असू शकते. जिभेला मिरीसारखे झोंबणे ही एक खूण आहे, पण ती प्रत्येक वेळी असतेच असे नाही आणि तिखट रश्श्यात ती ओळखू येत नाही.

किती हिस्टामिन चालते? अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञगटाने 2012 मध्ये निरोगी माणसासाठी एका वेळचे 50 मिलिग्रॅम ही मर्यादा धरली. कोणी अडीचशे ग्रॅम मासा खाल्ला तर किलोमागे 200 मिलिग्रॅम हिस्टामिनला ही मर्यादा गाठली जाते. नीट बर्फात ठेवलेल्या ताज्या माशात याच्या कितीतरी कमी हिस्टामिन असते. हयगय झालेल्या माशात ते कित्येक पट जास्त होऊ शकते.

अॅलर्जीचा शिक्का

खाल्ल्यानंतर दहा मिनिटे ते तासाभरात त्रास सुरू होतो. चेहरा आणि मान लाल होणे, डोके ठणकणे, धडधड, मळमळ, जुलाब, कधी अंगावर पित्त उठणे ही लक्षणे. बहुतेकांना काही तासांत आराम पडतो, क्वचित एक-दोन दिवस लागतात. हिस्टामिनविरोधी औषधाने लवकर उतार पडतो. रक्तदाब उतरला, श्वास लागला तर सलाइन, ऑक्सिजन आणि गरज पडल्यास अॅड्रिनॅलिन द्यावे लागते. हृदयविकार असलेल्यांत हा प्रसंग गंभीर होऊ शकतो. छातीत दुखत असेल तर ईसीजी काढायलाच हवा.

उपचार सोपा असला तरी निदान चुकते. रुग्ण बरा होऊन घरी जातो आणि केसपेपरवर 'माशाची अॅलर्जी' असे लिहिलेले राहते. ज्या घरात सणवार वगळता रोज मासळी शिजते, तिथे या दोन शब्दांनी एका माणसाचे ताट आयुष्यभरासाठी बदलते. उलट बाजूही आहे. मासा निर्दोष ठरला की उरलेली तुकडी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या तरी ताटात जाते.

म्हणून तिथल्या डॉक्टरने विचारायचे प्रश्न साधे आहेत. कोणता मासा खाल्ला? सोबत कोणाकोणाला त्रास झाला? हाच मासा पूर्वी खाऊन काही झाले होते का? तो पाण्यातून कधी निघाला आणि बर्फात कधी गेला? एकाच पातेल्यातून जेवलेल्या तिघांना तासाभरात सारखाच त्रास झाला आणि तिघेही आजवर मासे खात आले असतील, तर अॅलर्जीची शक्यता कमी. एकालाच त्रास झाला तरी विषबाधा लगेच निकालात काढता येत नाही, कारण एकाच माशाच्या एका तुकडीत हिस्टामिन भरपूर आणि दुसरीत थोडे असू शकते. शंका राहिली तर रक्तातील ट्रिप्टेजची तपासणी मदत करते. तीव्र अॅलर्जीत ते सहसा वाढते, या विषबाधेत वाढत नाही.

हा निवाडा घरी बसून करू नये. ओठ-जीभ सुजणे, घसा आवळणे, धाप लागणे, चक्कर येऊन पडणे यांपैकी काहीही दिसले तर कारण कोणतेही असो, थेट रुग्णालय गाठावे. खरी माशाची अॅलर्जीही असते आणि ती जीव घेऊ शकते. 'मागच्या वेळी ते फक्त बर्फाचे प्रकरण होते' असे म्हणून पुन्हा मासा चाखून पाहणे धोक्याचे.

क्षयाच्या औषधाचा धागा

आपल्या देशात एक बाब विशेष लक्षात ठेवावी लागते. थोडेफार हिस्टामिन पोटात गेले तर आतड्यातील विकरे त्याचा निचरा करतात. क्षयरोगाच्या उपचारातील आयसोनियाझिड हे औषध नेमके या कामात अडथळा आणते. ते घेणाऱ्यांना, इतरांना जाणवणारही नाही इतक्या हिस्टामिनने जोरदार त्रास झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. अशा वेळी रुग्णाची समजूत होते की गोळ्याच मानवत नाहीत, आणि तो उपचार सोडतो. नुकसान तिथे होते. औषध बंद करू नये, डॉक्टरांना आदल्या जेवणात काय होते ते सांगावे, आणि उपचार चालू असेपर्यंत कुपा, बांगडा, तारली यांसारखे मासे खात्रीचे नसतील तर टाळावेत.

तास मोजावेत

यावर उपाय एकच, आणि तो बोटीवरच करायचा असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे व्यावसायिक मासेमारीसाठीचे मार्गदर्शन स्पष्ट आहे. हवा किंवा पाणी 28.3 अंशांपेक्षा गरम असेल तर मासा मेल्यापासून जास्तीत जास्त 6 तासांत तो बर्फात गेला पाहिजे. ही शेवटची मुदत आहे, सवलत नव्हे. आपला उन्हाळ्यातला किनारा या रेषेच्या वरच असतो. वर सांगितलेल्या सहलीतला मासा साडेसातला निघाला आणि तीनला थंडाव्यात गेला, तेही घरगुती फ्रीजच्या. साडेसात तास. व्यापारी मासळीच्या साखळीत तपासणीचे काही टप्पे असतात. हौसेने धरलेला मासा मात्र थेट बोटीतून पातेल्यात जातो, मध्ये विचारणारा कोणी नसतो.

बोट ठरवताना भाड्याबरोबर बर्फाचीही चौकशी करावी. माशाच्या वजनाइतका तरी बर्फ हवा, आणि पिण्याच्या पाण्याची पेटी वेगळी हवी. नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा बर्फ आणि समुद्राचे पाणी यांचा काला मासा लवकर गार करतो, कारण तो सगळीकडून अंगाला भिडतो. मोठ्या माशाचा गाभा थंड व्हायला बरेच तास लागतात. त्यामुळे खलाशाकडून कल्ले आणि आतडी लगेच काढून, धुऊन, पोटात बर्फ भरून घ्यावा. घरी नेताना वितळलेले पाणी काढून वाटेत बर्फ पुन्हा भरावा. गाडीच्या डिकीतले आठ तास बोटीवरच्या मेहनतीवर पाणी फिरवू शकतात. फ्रीझरमधला मासा रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्यावा. आणि बर्फ पुरणार नाही असे दिसले, तर पुढचा मासा जिवंत असतानाच पाण्यात सोडून द्यावा. हौस गळ लागण्याची होती, ती पुरी झालेली असते.

जुने तांडेल यातले एकही रसायन जाणत नसतील. बांगडा उन्हात राहिला की 'लागतो', एवढे त्यांना पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक असते. पाहुण्याने भाड्यात त्यांची बोट घेतलेली असते, सोबत त्यांचे हे शहाणपणही घ्यायला हरकत नाही. तांडेलाने फोटोच्या आधी बर्फ सांगितला, तर मोबाइल दोन मिनिटे खिशात राहू द्यावा. मासा बर्फात घातल्यावरही फोटो चांगलाच येतो.