टर्बोची फडफड

लोहाराचा भाता आपण पाहिला आहे. वारा मिळाला की निखारा फुलतो. मोटारीच्या इंजिनाला असाच वारा घालणारे यंत्र म्हणजे टर्बो. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. इंजिनाच्या धुराने त्याचे चाक फिरते. मिनिटाला लाखावर फेरे घेते.

काही जण हौसेने पेट्रोल मोटारीला मोठा टर्बो बसवतात. मग रेस सोडली की फडफड आवाज येतो. ऐकायला मौज वाटते. पण ते दुखणे आहे. रेस सोडताच इंजिनाच्या तोंडची झडप मिटते. कोंडलेला वारा उलटा फिरून चाकाला धक्के देतो. बेअरिंग झिजते.

आवाज केव्हा येतो, ते आधी पाहू. रेस सोडल्यावर येत असेल, तर कोंडलेला दाब सोडणारा व्हॉल्व्ह तपासावा. नसेल तर बसवावा.

चढावर रेस दाबलेली असताना आवाज आला, तर दुखणे मोठे. इंजिन हळू फिरते, त्याला एवढा वारा खपत नाही. लगेच खालचा गिअर घालावा. एअर फिल्टर तुंबला असल्यास बदलावा. तरीही फडफड थांबली नाही, तर इंजिनाच्या बेताचा लहान टर्बो बसवावा.

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे यंत्रालाही लागू आहे!