इंजिन आधी की कमानी आधी?

गेल्या वैशाखात आमच्या वाडीच्या घरी मोटारीवरून एक वाद उपस्थित झाला. आमच्या पुतण्याने स्वतःच्या पगारातून जुनी होंडा सिटी घेतली आहे. सुमारे १०६ अश्वशक्तीच्या व्हीटेक इंजिनाची. तरुणांत या गाडीचा लौकिक मोठा. एके दिवशी जेवणे आटोपल्यावर तो म्हणाला, "काका, हिच्यात याहून मोठे इंजिन बसवायचा विचार आहे. दोन लाख जमले आहेत." वहिनींनी हातातील वाटी खाली ठेवली. आबांनी, म्हणजे आमच्या तीर्थरूपांनी, काहीच म्हटले नाही. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत त्यांची सारी हयात यंत्रांशी झगडण्यात गेली आहे. ऐकल्याबरोबर मत देण्याची त्यांची रीत नव्हे.

आम्हांस मात्र हा प्रश्न थोडा खोलात शिरून पाहावासा वाटला. कारण असे बेत अनेक सुशिक्षित कुटुंबांत होत असतील, आणि त्यांत पैसा, कायदा व जीव ही तिन्ही गुंतलेली आहेत.

प्रथम जपानकडे वळू. माझ्दा कंपनीने १९८९ साली मियाटा नावाची लहानशी दोन आसनी गाडी काढली. इंजिन अवघे १.६ लिटरचे, वजन मात्र सुमारे साडेनऊशे किलो, आणि चारही चाकांना दुहेरी विशबोन पद्धतीचे झुलते आधार. तिच्या कर्त्यांनी 'जिंबा इत्ताई', म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव, हे सूत्र डोळ्यांपुढे ठेविले होते. शक्तीत तिच्याहून वरचढ गाड्या तेव्हाही पुष्कळ होत्या; तरीही २०१६ साली या जातीच्या गाड्यांची संख्या दहा लाखांवर गेली. पुढे २०१२ साली टोयोटाने ८६ नावाची गाडी आणली, तेव्हाही इंजिन माफक ठेवून तोल व वळणातील चपळाई यांवरच भर दिला. ज्यांस मोठे इंजिन बनविता येत नव्हते असे कोणी म्हणणार नाही, त्यांनीच हा संयम पाळला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पण इंजिन बदलणे हे सर्वथा वेडेपण आहे, असेही नव्हे. आपल्याच देशात त्याची दोन ठळक उदाहरणे झाली. मुंबईच्या प्रीमियर कंपनीने १९८५ साली ११८ एन. ई. ही मोटार काढली. तिचा सांगाडा इटलीच्या फियाट १२४ च्या कुळातला आणि इंजिन निस्सानचे, ११७१ घनसेंटिमीटरचे, नावातील 'एन. ई.' ही अक्षरे त्या निस्सान इंजिनाचीच. दुसरे उदाहरण कोंटेसाचे. १९८४ साली ती आली तेव्हा ऐसपैस देहाला १४८९ घनसेंटिमीटरचे जुने इंजिन अगदीच अपुरे पडे. पुढे इसुझुचे १.८ लिटरचे इंजिन बसले आणि त्याच गाडीत जीव आला. येथे देह सुदृढ होता, उणीव शक्तीची होती; म्हणून उपाय लागू पडला. शिवाय हा बदल कारखान्याने केला, एखाद्या गल्लीतील दुकानाने नव्हे.

मोठे इंजिन म्हणजे केवळ एक जड ठोकळा उचलून दुसरा ठेवणे नव्हे. त्याचे आधार बदलावे लागतात, क्लच व गिअरपेटी त्या जोराला पुरेल की नाही ते पाहावे लागते, विजेच्या तारा व इंजिनाचा संगणक यांची जुळणी करावी लागते. नागपूरच्या वैशाखात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा जुना रेडिएटर हात टेकणार हे ठरलेलेच. इंजिन जड असेल तर पुढच्या चाकांवरील भार वाढतो, आणि वळणावर सुकाणू फिरविले तरी गाडी सरळच जाऊ पाहते.

कायद्याचीही गोष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीपुस्तकातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. विमा कंपनी अपघातानंतर काय म्हणेल, ते वाचकांनी ताडावे.

हे सारे आम्ही सांगितले, तरी पुतण्याचे समाधान होईना. तेव्हा आबा उठले, अंगणात गेले आणि गाडीच्या मागील कोपऱ्यावर दोन्ही तळहात ठेवून त्यांनी सारा भार टाकला व एकदम हात काढून घेतले. धडधाकट गाडी वर येते आणि फार तर एकदा हलून स्थिर होते. ही चार वेळा नाचली. मागले शॉकअॅब्सॉर्बर, ज्यांस आपला मेकॅनिक 'शॉकअप' म्हणतो, केव्हाच निकामी झाले होते.

"परवा ट्रकमागे ब्रेक दाबलास, तेव्हा गाडी बाजूला झुकली होती ना?" आबांनी विचारले. पुतण्या गप्प राहिला. ही गोष्ट त्याने घरी कोणास सांगितली नव्हती. आबांनी ती टायरांच्या वेड्यावाकड्या झिजेवरून ओळखली. अमरावती मार्गावर वाडीपाशी मालमोटारींची केवढी वर्दळ असते, हे येथील रहिवाशांस सांगावयास नको. वहिनींचा चेहरा त्या क्षणी पाहवला नाही.

गाडीचा रस्त्याशी संबंध चार तळहातांएवढ्या रबरापुरता असतो. कमानी, शॉकअप आणि रबरी बुश यांचे काम एवढेच, की ते रबर खड्ड्यातही जमिनीस धरून राहावे. ते सुटले तर ब्रेकही व्यर्थ आणि अश्वशक्तीही व्यर्थ. त्यात वेग ताशी ६० वरून ८० किलोमीटर झाला, तर गतिज ऊर्जा सुमारे पावणेदोन पट होते आणि थांबण्यास अंतरही त्याच प्रमाणात वाढते. मोठे इंजिन हा आकडा वाढविते. तो पेलण्याचे काम मात्र खालच्या अवयवांवर पडते.

अखेर असे ठरले, की उत्पादकाने सांगितलेल्या मापाचेच शॉकअप, बुश व टायर घालावे, ब्रेकची दुरुस्ती करावी, चाकांची सरळरेषा तपासून घ्यावी आणि आहे त्याच इंजिनाची नीट निगा करावी. गाडी फार खाली बसविण्याचा मोहही टाळला. आपल्या रस्त्यांवर तिचे पोट घासते आणि कमानीस हलावयास जागा उरत नाही.

काम होऊन चार महिने झाले. जमविलेल्या रकमेतील मोठा भाग शिल्लक आहे. पुतण्याने मोठ्या इंजिनाचा नाद सोडला, असे आम्ही म्हणणार नाही. शर्यतीच्या बंदिस्त मार्गासाठी निराळी गाडी करावी, असा त्याचा मनोदय आहे, आणि त्यास आमची हरकत नाही. परवा रविवारी वहिनी प्रथमच आपण होऊन मागच्या आसनावर बसल्या. परत आल्यावर आबांनी गाडीच्या कोपऱ्यावर पुन्हा हात टेकला. ती एकदा हलली आणि थांबली.